टाकीतलं कासव

आमच्या गल्लीत पाणी वीस मिनिटं उकळून पितात. एखादा पाहुणा नळाखाली ओंजळ धरायला गेला, तर चार खिडक्यांतून चार बाया ओरडतात. या सगळ्याला कारण मी. मी आणि माझं एक कासव.

बावीस वर्षांपूर्वी माझी वहिनी गेली. वय चाळीस आणि वर दोन महिने. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळेत मुख्य लिपिक; मान ताठ आणि कॉलर त्याहून ताठ. लोक भेटायला येत आणि दारातच विचारत, "अशी अचानक कशी हो गेल्या?" दादाला उत्तर सुचेना. तिसऱ्या दिवशी त्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "लोकांना काहीतरी सांग. तुला जमतं."

मला जमतं यात वाद नव्हता. गल्ली मला थापाडेकाका म्हणते ती काही प्रेमानं नव्हे. माझा धंदा फोटोंना चौकटी करण्याचा. दुकानात एक आरसा आहे, तो मी एकदा इतका घासला होता की त्यात उद्याचा चेहरा दिसायला लागला. एक गिऱ्हाईक त्यात आपली दाढी झालेली बघून तसंच खुंट घेऊन कामावर गेलं. हे मी शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा लोकांनी आरशात डोकावून बघितलंय. तर असा माणूस मी. मी बाहेर गेलो, खुर्ची ओढली आणि कासव सोडलं.

म्हटलं, वरच्या टाकीत एक कासव आहे. टाकी बांधली तेव्हा बशीएवढं होतं, आता त्याच्या पाठीवर दोघं जण पत्ते खेळतील. म्हातारं झालंय, अंगावर शेवाळ चढलंय, आणि त्याच्या लाळेतून पाण्यात विष उतरतं. पुरुषाला काही होत नाही. बाईच्या यकृताला धरतं, कारण स्वयंपाकघरात दिवसभर पाण्याशी गाठ बाईची. आधी पाय सुजतात, मग पोट, मग डोळे पिवळे होतात.

पाय, पोट आणि डोळे मी रचले नव्हते. ते वहिनीचे होते. बाकीचं सगळं माझं.

दुसऱ्याच दिवशी चार जण शिडी लावून टाकीवर चढले. कासव नव्हतं. पण एक मेलेलं कबुतर निघालं आणि एक लहान मुलाचा बूट. झालं! "कासव पाइपात सरकलं असणार," असं त्यांनीच मला येऊन सांगितलं. टाकी घासली, झाकणाला कुलूप लागलं आणि घराघरांत पातेली चढली. माझी एकही थाप इतकी टिकली नव्हती.

वहिनी दारूनं गेली. हे दादाला ठाऊक होतं आणि मला. दादानं तो शब्द तेव्हाही उच्चारला नाही आणि नंतरही नाही.

आठवड्याभरात दादा तिचा फोटो घेऊन खाली दुकानात आला. तो वरच राहतो, माझ्या डोक्यावर. फोटो तिच्या शेवटच्या वर्षातला होता, कारण त्याआधीच्या सगळ्या फोटोंत ती दादाच्या मागं उभी होती आणि अर्धीच दिसत होती. रंगीत फोटो. चेहरा फुगलेला, आणि डोळ्यांतलं पांढरं पिवळं, जुन्या वर्तमानपत्रासारखं.

"डोळे नीट कर," दादा म्हणाला.

हे काम मी आधीही करत होतो. बारीक कुंचला, पांढऱ्यात किंचित निळा, श्वास धरून दोन ठिपके. माझी पद्धत अशी की फोटोच्या दोन प्रती घ्यायच्या. एकीवर काम करायचं, दुसरी नमुना म्हणून शेजारी ठेवायची. काम झालं की नमुना खालच्या खणात जातो. लोक परत मागत नाहीत. ज्याला त्याला नीट केलेलाच हवा असतो.

तो खण हळूहळू भरत गेला. शाळेतल्या शिवणाच्या बाई आल्या, वय त्रेचाळीस; घरच्यांनी सांगितलं, रक्त कमी होतं. दवाखान्यातली आया आली. जिन्यावरून पडली म्हणे. मुकादमाची सून आली, छत्तीस वर्षांची. तिचं कारण घरच्यांना सुचलंच नाही, तेव्हा मी सुचवलं. पुरुष दारूनं मेला की त्याचे मित्र चारचौघांत सांगतात, "लेकाचा पिऊन गेला," आणि वर हळहळतात. बाई गेली की अल्पसा आजार. आमच्या गल्लीत अल्पशा आजारानं जेवढ्या बायका नेल्या तेवढ्या दुसऱ्या कशानं नेल्या नसतील. आणि त्या सगळ्यांचे डोळे माझ्याकडून पांढरेशुभ्र होऊन भिंतीवर गेले.

आता भिंगरी. दादाची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी ते नाव ठेवलं. आई गेली तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्न झालं, चार वर्षांत मोडलं, आणि ती पेटी घेऊन परत दादाकडं आली. आज एकोणचाळीस. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात वाफेच्या रुळावर कामाला होती. दोघी जणींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची आणि गरम रुळांच्या फटीत एकाच क्षणी सोडायची. एक हात जरा मागं राहिला की चादर तिरकी आत जाते आणि पलीकडून चुणी पडून बाहेर येते. सतरा वर्षांत भिंगरीची चादर कधी तिरकी गेली नव्हती, आणि ही थाप नाही.

रोज चारला तिची पाळी सुटे. घरी जायच्या आधी ती माझ्याकडं चहाला थांबे. त्याच वेळेला समोरच्या इमारतीतली टपालवाली आपली रिकामी पिशवी खांद्यावर टाकून येई. तिघांची आमची बैठक.

"मग काका, आज कासवानं काय खाल्लं?" टपालवाली स्टुलावर बसता बसता विचारी.

"तुझी दोन रजिस्टर पत्रं."

"तरीच! मी म्हणते सही कोणाची घ्यायची राहिली."

"कासवाचीच घे," भिंगरी म्हणे. "अंगठा तरी देईल."

दोघींच्या तोंडाला लवंगेचा वास. दात दुखतो म्हणत. दोघींचा, एकाच वेळी, गेली सहा वर्षं. भिंगरीच्या पिशवीत दोन बाटल्या असत: एक उकळलेल्या पाण्याची काचेची, आणि दुसरी स्टीलची, झाकण घट्ट. काचेची ती सगळ्यांसमोर प्यायची. वहिनीसुद्धा लवंगच चघळायची. मी हे सगळं पाहिलं, ओळखलं आणि चहात साखर ढवळत राहिलो. थाप मारणाऱ्याला गप्प बसता येत नाही असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं मला बघितलेलं नाही.

मग एका सोमवारी भिंगरी एकटीच आली. टपालवालीला त्या दिवशी वाटपाला दुसरा भाग दिला होता.

"काका, एक झकास तक्रार लिहून द्या."

"कोणाविरुद्ध?"

"टाकीविरुद्ध. आमच्या कारखान्याच्या." तिनं पिशवीतून कागद काढला, त्यावर बारा जणींच्या सह्या आधीच होत्या, मजकूर तेवढा बाकी. "मी घरून उकळलेलं नेते, पण चहा तर तिथल्याच पाण्याचा ना? आईला धरलं तेच मला धरतंय. हे बघा."

तिनं बूट काढला. मोजा खाली सरकवला. घोट्यावर मोज्याची कड बोटभर खोल उमटली होती आणि ती भरून येईना.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले. आता भूकही लागत नाही. तुम्ही असं लिहा ना, की साहेब उद्या टाकीवर स्वतः चढला पाहिजे. कासव घाला पाहिजे तर."

ती हसून खिडकीकडं वळली आणि उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. तो पिवळा मला रंगाचा डबा न उघडता ओळखू येतो. आयुष्यभर मी तोच पुसत आलोय.

मी कुंचला खाली ठेवला. "भिंगरे, टाकीत कासव नव्हतं."

"अगंबाई! मग काय, मगर?"

"काहीच नव्हतं. तुझी आई दारूनं गेली."

ती आधी थांबली, मग मोठ्यानं हसली. "काका, ही नाही जमली. कासवाची तुमची किती सरस होती! ह्याच्यात काही रंगच नाही."

"मी आणून द्यायचो तिला."

"तुम्ही?"

"बाईमाणूस दारूच्या दुकानात रांगेत कसं उभं राहणार? ती मला म्हणायची, 'भाऊजी, एक चौकट आणा ना.' चौकटीच्या मागं, पुठ्ठ्याच्या आत, चपटी बाटली अगदी मापात बसते. मी कागदात गुंडाळून वर नेऊन द्यायचो. आम्हा दोघांना त्याची फार गंमत वाटायची."

मी खण उघडला आणि वहिनीचा नमुना तिच्या हातात दिला. वरच्या भिंतीवर बावीस वर्षं ती जो चेहरा बघत होती तोच, फक्त डोळे खरे.

"काल रंगवलात ना?" ती म्हणाली. "पांढऱ्याचं पिवळं करायला तुम्हाला कितीसा वेळ!"

"घास. वरून लावलेला रंग थुंकीनं निघतो."

तिनं अंगठा ओला केला आणि आईच्या डोळ्यावर घासला. मग पुन्हा घासला. अंगठा उलटा करून बघितला. काही लागलं नव्हतं.

मी बाकीचे काढले आणि काउंटरवर मांडले. चौदा जणी. शिवणाच्या बाईंनी भिंगरीला टाके शिकवले होते. आयानं तिला लहानपणी सुई टोचताना मांडीवर धरलं होतं. शेवटचा फोटो तिच्याच कारखान्यातल्या मावशीचा, रुळावर तिच्या समोरचं टोक धरणारी. ती गेल्या वर्षी गेली. तो फोटो भिंगरीनंच आणून दिला होता.

"हिलाही पाण्यानंच धरलं असं तुम्ही म्हणालात."

"म्हणालो."

"मी तिला घरचं उकळलेलं नेऊन द्यायचे, काका. रोज एक बाटली."

ती फोटोंवरून बोट फिरवत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "आमच्या घरी रिकाम्या चौकटी होत्या. भिंतीवर. नऊ चौकटी आणि फोटो दोन. मी आईला विचारायचे, तर ती म्हणायची, पुढं लागतील."

तिला पटलं ते तिथं. माझ्या बोलण्यानं नाही. फोटोंनीही नाही.

तिनं स्टीलची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि माझ्या कुंचले धुवायच्या भांड्यात सगळी ओतली. रंगाचं पाणी होतं, ते फिकं झालं.

"आजपासून बंद," ती म्हणाली. "पण बाबांना नाही सांगायचं. समोरचीलाही नाही."

"डॉक्टरला तरी दाखव."

"डॉक्टर कागदावर लिहितात. आणि बाबा कागद वाचतात. बाबांचा तर जन्म कागद वाचण्यात गेला."

"बरं. आपल्या दोघांत."

खरं सांगितलं म्हणून माझी छाती त्या दिवशी एवढी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटली. बावीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणून मी दुकान बंद करून दोन तास झोपलो. खरं बोलायची सवय नसलेल्या माणसाला त्याचं माप कळत नाही. अर्धं सांगून तो समजतो, झालं पूर्ण.

मंगळवारी ती चहाला आली तेव्हा कप दोन्ही हातांनी धरला होता. तरी बशीत सांडला. "आज चार चादरी तिरक्या गेल्या," म्हणाली. "सतरा वर्षांत पहिल्यांदा. पण थेंब नाही घेतला हं." तिच्या कपाळावर घाम होता आणि ती माझ्याकडं परीक्षा पास झालेल्या पोरीसारखी बघत होती. मी म्हटलं, "शाब्बास."

टपालवाली म्हणाली, "एवढी का गं थरथरतेस?"

"ताप आलाय."

"पाणी उकळून पी," टपालवाली म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग टपालवालीनं तिच्या पिशवीकडं नजर टाकली. स्टीलची बाटली नव्हती. तिचं हसू जरा आखडलं.

बुधवारी भिंगरी कामावर गेली नाही. दादा खाली येऊन सांगून गेला, "तिला झोप नाही. ताप डोक्यात जातोय. मी पातेलं ठेवलंय गॅसवर." मी वर जाऊन आलो. ती अंथरुणावर चादरीची टोकं दोन हातांत धरून ती समोर सोडत होती, पुन्हा धरत होती, पुन्हा सोडत होती. मला बघून म्हणाली, "तिसरा दिवस, काका." मी दादाला काही बोललो नाही. वचन दिलं होतं ना!

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास दादानं जिन्यातून हाक मारली. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी धावलो.

भिंगरी पलंगाच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी धरून बसली होती. "काका, बरं झालं आलात. बाबांना दिसत नाहीये. कपाटाखाली बघा ना."

"काय आहे?"

"तुमचंच. आलंय ते."

मी खाली वाकलो. धुळीखेरीज काही नव्हतं.

"पाठ ओली आहे त्याची," ती हळूच म्हणाली. "शेवाळाचा वास येतोय. त्याला सांगा ना काका, मी पाणी रोज उकळलंय. तुमचं ऐकेल ते."

मी आयुष्यात हजारो थापा मारल्या, पण माझी थाप दुसऱ्याच्या डोळ्यांत जिवंत बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी कपाटाकडं तोंड करून म्हटलं, "जा रे बाबा, ती उकळून पिते." दादा माझ्याकडं वेड्यासारखा बघत होता. तेवढ्यात भिंगरीचे दात करकरले, मान मागं गेली आणि सगळं अंग ताठ होऊन पलंगावर आपटायला लागलं.

इस्पितळात डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. भिंगरीच्या पापण्या वर करून बघितल्या, पोट दाबून बघितलं, आणि आम्हाला बाहेर बोलावलं. आम्ही तिघं होतो: दादा, मी आणि टपालवाली. रुग्णवाहिका बघून ती टपाल तसंच टाकून मागून आली होती.

"कावीळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण भ्रम आणि झटके दोन कारणांनी असू शकतात. यकृत बिघडून त्याचा परिणाम मेंदूवर झाला असेल, तर झोपेची औषधं द्यायची नसतात, धोका असतो. पण रोज पिणाऱ्या माणसानं दारू एकदम तोडल्यामुळं हे झालं असेल, तर तीच औषधं द्यावी लागतात, आणि लगेच. म्हणून विचारते, नीट आठवून सांगा. ह्या पितात का?"

"नाही," दादा म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "रोज. सहा वर्षं तरी. सोमवारी दुपारी एकदम बंद केली."

दादाची मान आणखी ताठ झाली. "डॉक्टर, याच्याकडं लक्ष देऊ नका. हा माझा धाकटा भाऊ. थापाड्या आहे. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. अहो, आमच्या घरात पाणीसुद्धा वीस मिनिटं उकळतात! हिची आईसुद्धा पाण्याच्या काविळीनंच गेली."

"ती पण दारूनंच गेली, दादा! मी आणून दिली, मला ठाऊक नाही?"

"ऐकलंत?" दादा डॉक्टरबाईंना म्हणाला. "परवा हा आरशात उद्याचं दिसतं म्हणून सांगत होता. आता मेलेल्या बाईवर आळ घेतोय. सांगा हो तुम्ही तरी," आणि तो टपालवालीकडं वळला. "तुम्ही तिची मैत्रीण. रोज बरोबर असता. कधी पाहिलंत?"

टपालवाली भिंतीला टेकून उभी होती. तिनं दादाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तोंडातली लवंग या गालातून त्या गालात गेली. दारात वॉर्डबॉय होता, बाकड्यावर गल्लीतलेच दोघे येऊन बसले होते. मी तिच्याकडं असा बघत होतो की मेलेल्या चौदा जणींनीही काही म्हटलं असतं.

ती हसली. ओठांनी नुसती. "काका गमती करतात हो, डॉक्टर. त्यांची सवयच आहे."

डॉक्टरबाईंनी माझ्या रंगानं माखलेल्या बोटांकडं पाहिलं, मग दादाच्या कॉलरकडं. त्यांना दोष देत नाही मी. एका बाजूला बाप आणि मैत्रीण, दुसऱ्या बाजूला गल्लीचा थापाड्या. मी त्यांच्या जागी असतो तरी माझ्यावर विश्वास ठेवला नसता. रक्तातही काही सापडलं नाही. सापडणार कसं, तिनं शब्द पाळला होता. काविळीचं सलाईन लागलं.

मी दुकानाकडं धावलो. नमुने घेऊन यायचे, एवढंच डोक्यात होतं. चौदा फोटो सदऱ्यात कोंबले आणि परत आलो तेव्हा डॉक्टरबाई व्हरांड्यात मलाच शोधत होत्या. "मघाशी काय म्हणालात ते पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "त्यांचे हात बघून मला शंका येतेय." मी सांगितलं, चपटीपासून सोमवारपर्यंत, एक अक्षर न वाढवता. त्या ऐकता ऐकताच आत वळल्या. औषध सुरू झालं. पण मधल्या दोन तासांत भिंगरीला आणखी तीन झटके येऊन गेले होते, आणि दुपारी एकच्या आत चौथा आला, तो गेलाच नाही.

दादा बाकड्यावर बसला होता. त्याच्या हातात घरून आणलेली पाण्याची बाटली होती, अजून कोमट.

आठवड्यानं तो दुकानात आला. भिंगरीचा फोटो काउंटरवर ठेवला आणि खिडकीकडं बघत म्हणाला, "डोळे नीट कर."

मी दोन प्रती काढल्या. सवयीनं कुंचला उचलला, पांढऱ्यात निळा मिसळला. आणि तसाच वाळू दिला. चौकट मात्र मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली केली. चारही कोपरे असे जुळवले की नख शिरू नये. पुठ्ठा मागं घट्ट ठोकला. आत काही बसणार नाही असा.

दादा न्यायला आला. बघत राहिला. "हे काय?"

"तिचे डोळे."

"पांढरे कर."

"आता नाही जमत, दादा."

"तुला नाही जमत?" त्याचा आवाज फाटला. "सगळ्यांचे केलेस. हिच्या आईचे केलेस."

"तेव्हा केले म्हणूनच हिचे करायची वेळ आली."

तो फोटो न घेता जिना चढून गेला. मग वरचं दार लागल्याचा आवाज आला.

मी चौकट दुकानाच्या काचेत लावली. तीन दिवस ती तिथं होती. पुरुष यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "काका, रंग बिघडला वाटतं." बायका काही म्हणायच्या नाहीत. काही जणी पुढं जाऊन परत मागं यायच्या. मुकादमाची बायको बराच वेळ उभी राहिली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी टपालवाली आली. तिची वेळ नव्हती ती. पिशवी पत्रांनी भरलेली होती. स्टुलावर बसली नाही, कासवाचंही विचारलं नाही. तोंडाला लवंगेचा वास नव्हता; दुसरा होता, उघडा.

"काका, जरा उजेडात या."

मी काउंटरच्या बाहेर आलो. तिनं चष्मा काढला, बोटानं खालची पापणी ओढली आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"बघा. आणि मला गोष्ट नकोय."

मी बघितलं. आधी एक, मग दुसरा.

"पिवळे आहेत," मी म्हटलं. "कडेला आहेत. तिच्याएवढे नाहीत अजून."

तिनं पापणी सोडली. बराच वेळ चष्मा पुसत राहिली. "मी आजपासून..."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरची खिडकी उघडली. "आपल्या मनानं थांबायचं नाही. एकटीनं नाही आणि गुपचूप तर मुळीच नाही. आधी डॉक्टरबाईंकडं. त्या सांगतील कसं ते. आत्ता, चल."

"हे टपाल?"

"बावीस वर्षं लोकांना खोटं मिळालं तरी चाललं. पत्रं दुपारी मिळाली तर काय बिघडतं?"

मी तिची पिशवी खांद्यावर घेतली. जड होती. दुकानाला कुलूप लावताना ती काचेतल्या भिंगरीकडं पाठ करून उभी होती.

"तिथं पुन्हा विचारतील, पिता का म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही सांगाल ना?"

"तूच सांग, बाई," मी म्हटलं. "माझं कोणी ऐकत नाही."